केतकी पडली कशी

केतकीच्या कमरेवर पिवळा दिवा लागला तेव्हा मी उभीच होते. मी नेहमी उभीच असते. बाकीचे पालक गॅलरीत पाय पसरून फुटाणे खातात, एकमेकांच्या बदल्या-बढत्यांची चौकशी करतात. मला ते जमत नाही. अकरा वर्षांची पोरगी नऊ जणींच्या कोपरांमधून धावत असताना फुटाणे घशाखाली कसे उतरतात, हे मला एकदा कोणी तरी शिकवायला हवं.

झालं ते असं. कामठीच्या संघाची एक धिप्पाड मुलगी चेंडू घेऊन सरळ केतकीच्या अंगावर आली. केतकी तिच्या वाटेत पाय रोवून उभी होती. टक्कर झाली, केतकी मागे बसली, तिथून घरंगळली. मला वाटलं, आता शिट्टी त्या मुलीवर. शिट्टी झाली, पण पंच मेश्राम मॅडमनी हात केला तो केतकीकडे. तिच्या कमरेच्या पट्ट्यावरचा दिवा पिवळा होता.

"पिवळा, पिवळा," खालून कामठीची मुलं ओरडायला लागली. "नौटंकी, नौटंकी."

हा पट्टा आमच्याकडे याच मोसमात आला. कागदोपत्री त्याचं नाव पतनमापक, पण मुली त्याला चुगल्या म्हणतात. बास्केटबॉलमध्ये खोटं पडण्याची साथ इतकी वाढली होती की काही तरी करणं भागच होतं. कोणी नुसतं जवळून गेलं तरी मुली हात फेकून जमिनीवर लोळण घ्यायच्या आणि समोरचीवर फाऊल लागायचा. पाच फाऊल झाले की ती बिचारी बाहेर. पंचांनी डोळ्यांनी काय काय बघायचं? खोटं पडणाऱ्याला शिक्षा करावी की नाही यावर म्हणे संघटनेत तीन वर्षं भांडणं चालली. चुकून खऱ्या पडणाऱ्याला शिक्षा झाली तर, असं एक बाजू म्हणायची. मग पट्टा आला आणि भांडण मिटलं.

मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलंय, आणि एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट घरून तपासते, त्यामुळे पट्ट्यासोबतचं पत्रक मी अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. कल्पना साधी आहे. आपले स्नायू हलतात तेव्हा त्यांच्यातून बारीकशी वीज वाहते. ती पट्ट्यातले आणि पायांवर चिकटवलेले संवेदक कातडीवरूनच टिपतात. सोबत धक्का किती जोराचा बसला तेही मोजतात. माणसाला अचानक ढकललं तर धक्का आधी येतो आणि पोटऱ्या, मांड्या, पाठ त्यानंतर साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाने सावरायला धावतात. सावरणं म्हणजे स्नायू घट्ट होणं. पण आपण आपणहून पडतो तेव्हा उलटं होतं. मांड्या आणि पाठ आधी ढिल्या सोडाव्या लागतात, मग पडता येतं. म्हणजे धक्क्याच्या आधीच स्नायू सैल झाले, तर पडणं स्वतःचं. दिवा पिवळा. धक्का आधी आणि स्नायू नंतर, तर दिवा निळा. तोंडाने काहीही सांगा, मांडीला खोटं बोलता येत नाही. पत्रकात असं वाक्य नव्हतं, ते माझ्या नवऱ्याचं, निशांतचं. तो पट्ट्यावर भलताच खूश होता.

आमच्या पट्ट्यावर पिवळा लागेपर्यंत.

परत येताना बिनड्रायव्हरच्या रिक्षात मी केतकीला विचारलं, "मुद्दाम पडलीस का गं?"

"नाही."

"मला सांगितलंस तरी चालेल. मी रागावणार नाही."

"तू आत्ताच रागावली आहेस," ती म्हणाली. "मी पडले म्हणजे पडले. तिने पाडलं."

"मग पिवळा का?"

"मला काय माहीत? चुगल्याला विचार."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. या वेळी भंडाऱ्याची एक किरकोळ पोर होती, तिचा खांदा लागला आणि केतकी खाली. पिवळा. पहिल्या पिवळ्याला ताकीद असते. दुसऱ्याला समोरच्या संघाला फ्री थ्रो. स्पर्धेत तिसरा लागला की खेळाडू स्पर्धेतून बाद, आणि त्याची नोंद तिच्या कार्डावर. ढोबळे सर, केतकीचे कोच, मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, राज्याच्या शिबिराला बारा मुली घेतील. माझ्या अंदाजाने केतकी सातवी-आठवी आहे. पण तीन पिवळेवालीला कोणी हात लावत नाही. घरी बोला तिच्याशी."

"ती म्हणते मुद्दाम पडत नाही."

"सगळ्याच म्हणतात," ते म्हणाले. वाईट वाटून म्हणाले, त्यामुळे मला जास्त लागलं.

मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. म्हणजे आधीही ठेवतच होते, पण आता वेगळी. डबा संपवला म्हणते, खरं का? पोट दुखतं म्हणते, खरं का? पोरीने हसून काही सांगितलं तरी मी तिच्या कमरेकडे बघायचे, जसा काही तिथे दिवाच आहे. हे तिच्याही लक्षात आलं असावं. ती माझ्यासमोर कमी बोलायला लागली.

शेवटी निशांतने सुचवलं की आपण घरीच तपासू. चार्ज करायला पट्टा घरी आणतातच. आम्ही हॉलमध्ये गादी टाकली, टीपॉय सरकवला. सासूबाई दिवाणावर मटार सोलत बसल्या होत्या, त्यांनी पाय वर घेतले.

मी ओट्याशी चहा ठेवत होते, तोवर निशांतने केतकीला मागून ढकललं. निळा. बाजूने ढकललं. निळा. पुन्हा चार वेळा. निळा, निळा, निळा, निळा. आता मुद्दाम पड म्हटलं तर ती नाटकी हात फेकून पडली आणि पिवळा लागला. यंत्र चोख होतं.

प्रत्येक पडण्याला सासूबाई वाकून गादीवर एक चापट मारत होत्या. "हात तुझी. माझ्या केतूले पाडतं काय?"

"आजी, मी आता मोठी आहे," केतकी लोळत हसत म्हणाली.

"हीच तर शिकवण," निशांत म्हणाला. "पोरगं स्वतः धडपडतं आणि मार खाते ती फरशी. आई, तुम्ही लोकांनीच हा फाऊल काढला."

"तुले बी असंच उगी केलं होतं. फरशीले लागत नाही, पोरगं उगी होते. तुझ्या पट्ट्याले समजते का हे?"

मग मी हॉलमध्ये येऊन म्हटलं, आता मी ढकलते. मी ढकललं. पिवळा.

पुन्हा ढकललं. पिवळा. निशांत हसायला लागला. "तुझा धक्का ओळखीचा आहे तिच्या." डोळे बांधून करून बघितलं. निशांतने ढकललं, मी नुसती बाजूला उभी होते. तरी पिवळा. मी ओट्याशी गेले तर तिकडून निशांतची आरोळी, "निळा." परत हॉलमध्ये आले, पिवळा. मी खोलीत असले की पोरगी खोटी पडते, नसले की खरी. हा कुठला न्याय?

केतकी डोळ्यांवरची ओढणी वर करून माझ्याकडे बघत होती. तिचं हसू गेलं होतं.

"अवं पल्लवी," सासूबाई मटार निवडता निवडता म्हणाल्या, "तू बोलून राहिली नं मधातच."

"मी कुठे काय बोलले?"

"सांभाळ म्हणते नं तू. दर बारीले."

मला खरंच माहीत नव्हतं. निशांतने मोबाइल कपाटावर उभा करून घेतलेलं चित्रण लावलं. मी हॉलमध्ये असतानाच्या प्रत्येक धक्क्याच्या आधी माझा आवाज होता. सांभाळ. श्वास सोडावा तितक्या सहज. आणि प्रत्येक वेळी, धक्का यायच्या आधी, केतकीचे गुडघे मऊ पडत होते.

निशांतने तिला पाठमोरं उभं केलं आणि मला खूण केली. कोणीही हात लावला नाही. मी म्हटलं, "सांभाळ." ती मटकन खाली बसली. दिवा पिवळा. ती स्वतःच इतकी दचकली की रडायलाच लागली.

हे मीच केलं होतं. केतकी सव्वा वर्षाची असताना आम्ही या इमारतीत राहायला आलो. बिल्डरने काम अर्धवट टाकलं होतं. चौथ्या मजल्यापर्यंतच्या जिन्याला आठ महिने कठडा नव्हता. नवीन चालायला लागलेलं पोर दाराबाहेर पळायचं. मी तिला एकच गोष्ट शिकवली, आणि ती नीट शिकेपर्यंत दुसरं काही शिकवलं नाही. आई सांभाळ म्हणाली की जिथे असशील तिथे खाली बसायचं. विचार करायचा नाही. खाऊची लालूच दाखवून, टाळ्या वाजवून, कधी एखादा धपाटा देऊन. पुढे कठडा लागला. आम्ही दोघी विसरलो. तिच्या मांड्या विसरल्या नाहीत.

आणि मी गॅलरीत उभी राहून दर रविवारी ओरडत होते.

मग ती पडली कशी? तिने नाटक केलं नाही, हे आता मला कळलं. पण त्या कामठीच्या मुलीने पाडलं, असंही नाही. पाडलं असेल तर मी पाडलं, आणि मी तर पन्नास फुटांवर होते. रात्रभर डोक्यात हेच. सकाळी मी ते चित्रण घेऊन मेश्राम मॅडमच्या घरी गेले. त्या शाळेत गणित शिकवतात, चोवीस वर्षं पंच आहेत. त्यांनी दोनदा बघितलं. चहा केला.

"तुमची मुलगी खोटारडी नाही," त्या म्हणाल्या. "हे मी कुठेही सांगेन."

मला बरं वाटलं. "मग तिचे दोन पिवळे काढून टाकाल?"

"कसे काढू? काढले तर ते दोन फाऊल कोणाला द्यायचे? समोरच्या मुलींना? त्यांनी तरी काय केलं?"

"पण केतकीनेही काही केलं नाही."

"बरोबर आहे."

"मग शिक्षा कसली?"

"पल्लवीताई, पूर्वी मी हे डोळ्यांनी ठरवायचे. चुकायचे. लोक शिव्या द्यायचे, मी घरी येऊन पोहे खायचे. गेल्याच्या गेल्या वर्षी मी एका मुलीला पाच फाऊलवर बाहेर काढलं. तिने कोणाला बोटही लावलं नव्हतं, समोरच्या दोघी नाटक करत होत्या. तिने खेळ सोडला. माझ्याच शाळेत आहे ती, वर्गात माझ्याकडे बघत नाही. म्हणून मी पट्ट्याच्या बाजूने मत दिलं. आता पट्टा एवढंच सांगतो की स्नायू आधी सुटले. का सुटले, भीतीने सुटले, सवयीने सुटले, ते त्याला विचारलेलंच नाही. विचारलं तर प्रत्येक मुलीची आई एकेक चित्रण घेऊन येईल." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही ओरडू नका. किंवा बाहेर थांबा. माझ्याकडे याहून दुसरं काही नाही."

मला त्यांचं म्हणणं पटलं. हीच तर पंचाईत. केतकीचंही पटत होतं, त्यांचंही पटत होतं, आणि दोन्ही एकत्र मांडलं की काहीच राहत नव्हतं.

वर्ध्याविरुद्धची उपांत्यपूर्व मॅच शनिवारी दुपारी होती. शिबिराच्या निवडीला येणारे दोघे जण ती बघणार होते. निघताना केतकीने बुटांच्या नाड्या बांधल्या आणि वर न बघता म्हणाली, "आई, तू ये. पण ओरडू नकोस. प्लीज."

"नाही ओरडणार."

"हळू पण नाही."

"हळू पण नाही."

सासूबाईंनी माझ्या पर्समध्ये संत्रा बर्फीचा डबा कोंबला. "तोंडात एक वडी धरून ठेव. संपली का दुसरी. बर्फी खाता खाता बोलता येत नाही." त्यांना हा विनोद वाटत नव्हता.

बाहेर थांबायचा मी प्रयत्न केला. हॉलच्या पायऱ्यांवर सहा मिनिटं बसले. आतून बूट घासल्याचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाज तिच्या पडण्याचा वाटत होता. शेवटी आत गेले. उभी राहिले. वडी तोंडात ठेवली.

तीन डाव झाले. केतकी छान खेळत होती. किती छान, ते मी पहिल्यांदाच बघत होते, कारण एरवी मी फक्त तिच्यावर येणारी माणसं बघते. दोनदा मुली तिला घासून गेल्या, ती हलली, सावरली, उभी राहिली. दिवा लागलाच नाही. ढोबळे सरांनी गॅलरीकडे बघून मला अंगठा दाखवला. माझ्या तोंडात चौथी वडी होती.

शेवटच्या डावात दोन मिनिटं राहिली, गुण बरोबरीत. चेंडू रिंगवर आपटून उंच उडाला. केतकी त्याच्याखाली, मान वर, हात वर. आणि मला वर्ध्याची आठ नंबरची मुलगी दिसली. केतकीपेक्षा वीतभर उंच, मागून डावीकडून पळत येत होती, तीही वर बघत. तिला थांबायचं नव्हतं. केतकीला ती दिसणं शक्य नव्हतं.

मला ती पुरेशी आधी दिसली. हे मी लपवणार नाही. शब्द दातांपर्यंत आला. तो बाहेर पडला असता तर केतकी बसली असती, आठ नंबर वरून निघून गेली असती, दिवा पिवळा, तिसरा. मी जीभ टाळूला दाबली. बर्फी चिरडली.

आठ नंबरचा खांदा केतकीच्या मानेखाली लागला. ती उभीच्या उभी पुढे गेली, फळी आडवी व्हावी तशी, हात पुढे न टेकता. तोंडावर पडली. आवाज गॅलरीपर्यंत आला.

पट्ट्यावरचा दिवा निळा लागला.

"निळा," ढोबळे सर ओरडले. आमच्या बाजूची सगळी माणसं उठली. कोणीतरी माझी पाठ थोपटली. आणि मला हायसं वाटलं. आधी ते वाटलं. अकरा वर्षांत ती शेकडो वेळा पडली असेल, दर वेळी मी आधी तिच्याकडे धावले. या वेळी निळा दिसला आणि मी हसले. केतकीने डोकं वर केल्यावर हनुवटीवरून रक्त ओघळताना दिसलं, तेव्हा कुठे माझे पाय हलले.

मी खाली पोचेपर्यंत तिच्या हातात पुढच्या दाताचा तुकडा होता. "निळा होता ना?" तिने मला विचारलं.

"हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि रुमाल तोंडात धरून फ्री थ्रो मारायला गेली. दोनातला एक गेला. आम्ही एका गुणाने जिंकलो. निवड करणाऱ्यांपैकी एकाने वहीत काही तरी लिहिलं.

आठ नंबर भिंतीशी बसून रडत होती. मी जवळून जाताना ती उभी राहिली. "सॉरी काकू. तुमची मुलगी बसते ना नेहमी. आमच्या सरांनी तिचे व्हिडिओ दाखवले होते. मला वाटलं, बसेल."

मी तिला डब्यातली एक वडी दिली. तिने ती घेतली.

दातांच्या डॉक्टरांनी तुकडा दुधात ठेवायला दिला, सोमवारी चिकटवू म्हणाले. घरी येताना रिक्षात केतकीच्या दातांत कापसाचा बोळा होता. उद्या चार वाजता उपांत्य फेरी.

"आई, ती आठ नंबर तुला दिसली होती?"

मी खिडकीबाहेर बघितलं. नाही म्हणणं सोपं होतं. "दिसली होती."

"किती आधी?"

"दोन सेकंद असतील."

तिने बोळा काढला, त्यावरचं रक्त बघितलं, परत ठेवला. "मी ऐकत होते," ती म्हणाली. "तुझा आवाज आला नाही ना, म्हणून मला वाटलं मागे कोणी नाही."

रिक्षा सिग्नलला थांबली. मी तिचा हात धरला, तिने धरू दिला.

"तू नको म्हणाली होतीस," मी म्हटलं.

"हो. मीच म्हणाले होते."

"मग उद्या काय करू?"

"ओरडलीस तर पिवळा. नाही ओरडलीस तर मी परत ऐकत बसेन." तिने विचार केला. बोळ्यामुळे तिचे शब्द फुगून येत होते. "उद्या तू ये. ओरड नाही तर नको ओरडू. मी तुझं ऐकणारच नाही. मागे माझं मीच बघेन."

"जमेल?"

ती तिथेच सराव करायला लागली. मान डावीकडे वळवून मागच्या काचेतून बघायचं, पुन्हा समोर. उजवीकडे, पुन्हा समोर. मानेला मार बसलेला, दर वेळी कळवळायची, तरी थांबेना. चौथ्या-पाचव्या वेळी ती म्हणाली, "मागून दुधाचा टेम्पो येतोय. जोरात."

तो मला केव्हाच दिसला होता.

"हो का?" मी म्हटलं.